होम लॅबसाठी जुनं सर्व्हर नेटवर्क कार्ड: निवड, खरेदी आणि जोडणी

डेटा सेंटरवाले आणि मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सर्व्हर बदलतात. त्यातली १० गिगाबिटची नेटवर्क कार्डं मग सुटी काढून विकली जातात आणि नव्या कार्डाच्या मानाने फारच कमी भावात मिळतात. बहुतेक कार्डांत फिरणारा एकही भाग नसतो, म्हणून बरीच वर्षं वापरलेलं कार्डही सहसा ठणठणीत चालतं. जुन्या कार्डात पैसे जातात ते बहुतेक वेळा ते बिघडलेलं निघाल्यामुळे नाही, तर आपल्या मशीनला, केबलला किंवा ड्रायव्हरला न जुळल्यामुळे.

सांगली, मिरज, कराड, सातारा भागात राहून घरी प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीनसाठी), ट्रूनॅस (फाइल साठवण्यासाठी) किंवा ओपीएनसेन्सचं (राउटर-फायरवॉलसाठी) मशीन, म्हणजेच होम लॅब चालवणाऱ्या, पण सर्व्हरची कार्डं कधी न हाताळलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे. आपल्याकडे असा माल हातात घेऊन बघावा असं दुकान सहसा सापडत नाही. माल पुण्या-मुंबईहून, नाहीतर बेंगळुरू-दिल्लीहून कुरिअरने येतो. चुकीचा आला तर परत पाठवण्यात दिवसही जातात आणि भाडंही. म्हणून खालच्या नऊपैकी पहिल्या पाच पायऱ्या ऑर्डर देण्याआधीच्या आहेत, आणि खरं काम तिथेच आहे.

हाताशी एवढं ठेवा:

- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, पांढरं खोडरबर
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं
- ८० किंवा ९२ मिलिमीटरचा पंखा आणि झिप टाय
- लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह
- मॉनिटर आणि कीबोर्ड. सर्व्हर एरवी स्क्रीनशिवाय चालत असला तरी त्या दिवशी हे दोन्ही लागतीलच
- मदरबोर्डचं मॅन्युअल, पीडीएफ असलं तरी चालेल

## १. १० गिगाबिटची गरज आहे का, ते आधी ठरवा

१ गिगाबिटच्या जाळ्यावर फाइल सेकंदाला साधारण ११० ते ११८ मेगाबाइट वेगाने जाते. एकटी हार्ड डिस्क १५० ते २५० मेगाबाइट देते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे नॅसमध्ये (घरच्या फाइल-सर्व्हरमध्ये) एकच हार्ड डिस्क असेल तर १० गिगाबिटच्या कार्डाने कॉपीचा वेग फार तर दुप्पट होईल. चार-सहा डिस्क जोडून केलेला एकत्र साठा, एनव्हीएमई एसएसडी किंवा नॅसवर ठेवलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क असतील तर मात्र फरक लगेच कळतो.

तुम्हाला फक्त घरचा राउटर-फायरवॉल बनवायचा असेल आणि इंटरनेटची जोडणी १ गिगाबिटच्या आत असेल, तर १० गिगाबिटच्या मागे लागू नका. इंटेल आय३५०-टी४ हे चार पोर्टचं १ गिगाबिट कार्ड त्या कामाला पुरतं. ते कमी तापतं आणि जवळपास प्रत्येक प्रणालीत ड्रायव्हर न शोधता चालतं. फक्त त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्याबद्दल सहाव्या पायरीत.

## २. जाहिरात उघडण्याआधी मशीन उघडा

मदरबोर्डवरच्या स्लॉटची लांबी आणि त्यात प्रत्यक्ष जोडलेल्या लेन, म्हणजे डेटा वाहणाऱ्या वाटा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स४ म्हणजे चार लेन, एक्स१६ म्हणजे सोळा. साध्या डेस्कटॉप बोर्डावर दुसरा लांब स्लॉट दिसायला एक्स१६ असतो, पण आत बहुतेक वेळा एक्स४ च असतो आणि तोही चिपसेटमार्गे. काही बोर्डांवर दुसरी एम.२ एसएसडी बसवली की तो स्लॉट बंद पडतो किंवा त्याच्या लेन कमी होतात. हे सगळं मॅन्युअलमधल्या स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता हिशेब. या स्लॉटच्या पद्धतीला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात आणि तिच्या पिढ्या असतात. २.० पिढीची एक लेन एका दिशेला सेकंदाला ५०० मेगाबाइट नेते, ३.० ची एक लेन साधारण ९८५. १० गिगाबिटच्या एका पोर्टला १२५० मेगाबाइट लागतात.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कार्ड २.० पिढीचं असेल तर स्लॉट ३.० किंवा ४.० चा असूनही ते २.० च्याच वेगाने चालतं. इंटेल एक्स५२० हे २.० पिढीचं एक्स८ कार्ड आहे. ते एक्स४ लेनच्या स्लॉटमध्ये बसवलं तर २००० मेगाबाइट मिळतात. एक पोर्ट पूर्ण वेगाने चालेल, दोन्ही एकदम नाहीत. घरी दुसरा पोर्ट बहुधा रिकामाच राहतो, तेव्हा हे चालून जातं. पण तेच कार्ड एक्स१ लेनवर गेलं तर ४ गिगाबिटच्या खालीच अडकतं आणि मग दोष केबलला दिला जातो.

मशीन छोटं असेल तर उंचीही बघा. सेकंडहँड बाजारात सहज मिळणाऱ्या स्मॉल फॉर्म फॅक्टर ऑफिस मशीनमध्ये लो-प्रोफाइल, म्हणजे कॅबिनेटला स्क्रूने बसणारी धातूची पट्टी आखूड असलेलं कार्डच बसतं. उभ्या टॉवरला पूर्ण उंचीची पट्टी लागते. पूर्ण पट्टी सुमारे १२० मिलिमीटर, आखूड सुमारे ८० मिलिमीटर. लेनोव्होच्या एम७२०क्यू, एम९२०क्यू या पुस्तकाएवढ्या मशीनमध्येही कार्ड बसतं, पण त्यासाठी रायझर (कार्ड आडवं बसवायचा जोडतुकडा) वेगळा घ्यावा लागतो आणि आत हवा अगदीच कमी खेळते.

आणि सगळ्यात मोठा सापळा. जाहिरातीत एखादं कार्ड इतरांपेक्षा फारच स्वस्त दिसलं, तर त्याची कडा नीट बघा. एचपीची फ्लेक्सिबल-लॉम कार्डं, डेलची नेटवर्क डॉटर कार्डं, ब्लेड सर्व्हरची मेझानीन कार्डं आणि ओसीपी कार्डं यांच्यावर तीच चिप असते, पण ती साध्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसत नाहीत. ओसीपी आणि फ्लेक्सिबल-लॉमसाठी अडॅप्टर मिळतात, पण तो खर्च धरला की स्वस्ताई संपते. नावात एफएलआर, एफएलबी, मेझ, एनडीसी, ओसीपी यांपैकी काही दिसलं तर पहिल्या खरेदीत ते कार्ड सोडून द्या.

## ३. केबल ठरवा, मग कार्डाचा पोर्ट आपोआप ठरतो

दोन मशीन शेजारी असतील तर डॅक. एसएफपी प्लस पोर्टच्या (ज्यात सुटं मॉड्यूल सरकवतात असा पोर्ट) दोन मशीनना जोडणारी, दोन्ही टोकांना मॉड्यूल पक्कं बसवलेली ही तांब्याची केबल. स्वस्त आणि वीज नावापुरती घेणारी. १ ते ३ मीटरची घ्या, साधी डॅक ७ मीटरच्या पुढे जात नाही. तिला कोनात दुमडू नका. पहिल्या लॅबसाठी दोन कार्डं आणि एक डॅक एवढंच पुरतं. स्विच नसला तरी दोन्ही मशीनना घरच्या जाळ्याहून वेगळ्या, पण आपसात एकाच सबनेटचे (पत्त्यांच्या गटाचे) आयपी देऊन थेट जोडता येतं.

वेगळ्या मजल्यावर किंवा वेगळ्या इमारतीत जायचं असेल तर फायबर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊनच येतो. घर आणि शेजारचं दुकान, किंवा घर आणि गोठ्यावरची खोली अशी लांब तांब्याची केबल टाकली तर वीज जवळ कोसळताच दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जाऊ शकतात, कारण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. फायबर काचेचं असल्यामुळे त्यातून विजेचा झटका येत नाही. मात्र धातूचं आवरण किंवा लटकवण्याची तार असलेली केबल घेतली तर हा फायदा जातो. तारेचा भाग इमारतीबाहेरच तोडून अर्थ करा.

फायबरमध्ये जोडी जुळवावी लागते. एसआर मॉड्यूल ८५० नॅनोमीटरचं, त्याला मल्टिमोड ओएम३ किंवा ओएम४ पॅचकॉर्ड लागते. ओएम३ वर ३०० मीटर जातं, म्हणजे घरगुती कामाला भरपूर. एलआर मॉड्यूल १३१० नॅनोमीटरचं, त्याला सिंगल मोड लागते, पल्ला १० किलोमीटर. गावातले ब्रॉडबँडवाले जी केबल वापरतात ती सिंगल मोड असते आणि तिला बहुधा हिरवं एससी कनेक्टर असतं. त्यांच्याकडून केबल आणि जोडकाम करून घ्यायचं असेल तर एलआर मॉड्यूल घ्या आणि टोकांना निळ्या एलसी कनेक्टरची मागणी आधीच करा. एसआर मॉड्यूल सिंगल मोड केबलवर चालत नाही. एलआर दोन मीटरच्या अंतरावरही विनातक्रार चालतं. ईआर किंवा झेडआर मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, इतक्या जवळून त्याचा प्रकाश समोरच्या रिसीव्हरला झेपत नाही. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण इजा करतो.

भिंतीतून आधीच लॅनची केबल गेली असेल तर आरजे-४५, म्हणजे नेहमीचा लॅन पोर्ट. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत, कॅट ६ए वर १०० मीटरपर्यंत. यासाठी इंटेल एक्स५४०-टी२ स्वस्तात मिळतं, पण ते दोन पोर्टवर १५ वॉटच्या आसपास वीज खातं आणि तापतं. शिवाय ते १ आणि १० गिगाबिट ओळखतं, २.५ नाही. नव्या वायफाय राउटरच्या २.५ गिगाबिट पोर्टला ते जोडलं तर लिंक १ गिगाबिटवर पडते. २.५ आणि ५ गिगाबिट हवं असेल तर एक्स५५०-टी२ घ्या. ते ३.० पिढीचं, एक्स४ लेनचं आहे.

एसएफपी प्लस पोर्टमध्ये घालायची आरजे-४५ मॉड्यूल मिळतात. ती साधारण ३० मीटरपर्यंत चालतात आणि एकेक अडीच वॉटच्या आसपास खातात. बोट लावल्यावर चटका बसेल इतकी तापतात. एखाद्या जागी नाइलाज म्हणून ठीक, चार पोर्टच्या छोट्या स्विचमध्ये चार नकोत.

## ४. कार्ड निवडा

मेलानॉक्स कनेक्टएक्स-३. लिनक्सवर काम करणाऱ्याने पहिलं कार्ड म्हणून हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि कोणत्याही कंपनीचं मॉड्यूल सहसा कुरकुर न करता स्वीकारतं. एका पोर्टच्या एमसीएक्स३११ए ला एक्स४ लेनच लागतात, त्यामुळे डेस्कटॉपच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ते पूर्ण वेगाने चालतं. दोन पोर्टचं एमसीएक्स३१२ए एक्स८ चं आहे. एचपीचं ५४६एसएफपी प्लस हे कनेक्टएक्स-३ प्रोच आहे, ते एचपीच्या नावाने शोधलं तर कधी स्वस्त पडतं.

याच्या मर्यादाही ध्यानात घ्या. व्हीएमवेअर ईएसएक्सआय ८ मधून याचा ड्रायव्हर काढून टाकलेला आहे. तुम्ही ईएसएक्सआय शिकण्यासाठी लॅब उभारत असाल तर हे घेऊ नका. आणि व्हीपीआय प्रकारचं, म्हणजे इथरनेट आणि इन्फिनिबँड या दोन्ही प्रकारच्या जाळ्यांवर चालणारं कार्ड आलं तर ते इन्फिनिबँड मोडमध्ये असू शकतं. कार्ड दिसतं, पण इथरनेटचा इंटरफेस येत नाही, आणि नवखा माणूस ते बिघडलं समजून परत पाठवतो. एमएसटीकॉन्फिग या मेलानॉक्सच्या साधनाने लिंक टाइप पी१ आणि पी२ या दोन्हींची किंमत २ केली आणि मशीन पुन्हा चालू केलं की ते इथरनेट होतं.

कनेक्टएक्स-२ मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. २.० पिढीचं आहे आणि त्याचा पाठिंबा कधीच संपलाय.

इंटेल एक्स५२०-डीए२. ८२५९९ चिप, २००९ सालची. जुनं, पण अतिशय भरवशाचं. ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्ससाठी मेलानॉक्सपेक्षा हे बरं. याची अडचण मॉड्यूलची. साधी डॅक ते कोणाचीही घेतं, पण फायबरचं मॉड्यूल इंटेलच्या कोडिंगचं (मॉड्यूलच्या आत इंटेलची ओळख नोंदवलेलं) नसेल तर ड्रायव्हर पोर्ट उभा करायला नकार देतो. लिनक्सवर आयएक्सजीबीई ड्रायव्हरचा 'अलाउ अनसपोर्टेड एसएफपी' हा पर्याय १ केला की प्रश्न सुटतो. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये तशी ओळ लिहा आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) नव्याने बनवा, नाहीतर बदल लागू होत नाही. एचपीचं ५६०एसएफपी प्लस याच चिपवर आहे.

इंटेल एक्स७१०-डीए२. जास्त नवं, ३.० पिढीचं, वीज कमी खाणारं. बजेट असेल आणि मशीन चोवीस तास चालणार असेल तर विचार करण्यासारखं. कनेक्टएक्स-३ आणि एक्स५२० सारखी जुनी कार्डं स्वतः वीज खातात ते वेगळंच, ती बऱ्याच मशीनमध्ये प्रोसेसरला खोल झोपेतही जाऊ देत नाहीत. दोन्ही मिळून १० वॉट जादा गेले तर महिन्याला सव्वासात युनिट होतात. महावितरणच्या बिलातल्या तुमच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने त्याला गुणा आणि वर्षाचा आकडा काढा, मग जादा किंमत वसूल होते का ते कळेल. एक्स७१० मध्ये परक्या मॉड्यूलसाठी एक्स५२० सारखा ड्रायव्हरचा सोपा पर्याय नाही, म्हणून त्याच्यासोबत डॅक किंवा इंटेल कोडिंगचं मॉड्यूलच घ्या.

ब्रॉडकॉम ५७८१०. डेलच्या सर्व्हरमधून भरपूर निघतं, एचपीकडे त्याचं नाव ५३०एसएफपी प्लस. लिनक्सवर चालतं, डेबियनसारख्या प्रणालीत फर्मवेअरचं वेगळं पॅकेज लागतं. दुसरं काही मिळालं नाही तर घ्या.

कनेक्टएक्स-४ एलएक्स. २५ गिगाबिटचं, पण १० गिगाबिटच्या डॅकवरही चालतं. ईएसएक्सआय ८ हवं असणाऱ्यांनी आणि पुढे वाढायचा विचार असणाऱ्यांनी हे बघावं.

## ५. कुठे शोधायचं, काय विचारायचं

जुन्या सर्व्हरचा व्यापार करणारे विक्रेते पुण्यात आहेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बेंगळुरूत एसपी रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला. बरेच जण ऑनलाइन यादी टाकतात. साताऱ्याहून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, दोन-चार वस्तू एकदम घ्यायच्या असतील तर स्वतः जाऊन बघून आणणं परवडतं. सांगलीहून अंतर दुपटीच्या घरात जातं, तेव्हा कुरिअरच सोयीचं. स्थानिक भंगारवाल्यांकडेही पतसंस्था, कारखाने, कॉलेजं यांचे जुने सर्व्हर येतात. तिथे कार्ड वजनावर मिळू शकतं, पण बहुतेक वेळा ती १ गिगाबिटची असतात.

परदेशातून एकटं कार्ड मागवू नका. कार्डाची किंमत थोडी, पण वर आयात शुल्क, आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार येतो, शिवाय जुना माल म्हणून कस्टम्समध्ये अडकण्याचा धोका.

पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून एवढं घ्या:

- कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि लेबलचे स्पष्ट फोटो, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. इंटरनेटवरून उचललेला फोटो नको
- पूर्ण मॉडेल क्रमांक. नुसतं '१० जी कार्ड' असं लिहिलेलं बिल मान्य करू नका
- कोणती पट्टी बसवलेली आहे, दुसरी सोबत मिळेल का
- टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची, आणि ते दिवस माल पोचल्यापासून मोजणार की पाठवल्यापासून. हे लेखी, व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल
- जीएसटीचं बिल, त्यावर कार्डाचा सीरियल क्रमांक
- परत पाठवायचं झालं तर भाडं कोणाचं

नुसत्या फोन नंबरवर, बिलाशिवाय, पूर्ण पैसे यूपीआयने आधी पाठवणं टाळा. जो विक्रेता सीरियल क्रमांकासह बिल द्यायला तयार नाही, त्याचा भाव कितीही चांगला असो, तो सोडा.

बजेटचं म्हणाल तर सगळे पैसे कार्डावर लावू नका. दोन्ही टोकांची कार्डं, डॅक किंवा मॉड्यूल, पट्टी, पंखा आणि कुरिअर मिळून जो आकडा होतो त्यात कार्डांचा वाटा बऱ्याचदा निम्माच असतो.

## ६. पार्सल उघडताना

पार्सल उघडण्याचा सलग व्हिडिओ घ्या, खोक्यावरच्या पत्त्यापासून सीरियल क्रमांकापर्यंत. मध्ये व्हिडिओ थांबवू नका.

मग कार्ड उजेडात धरा. आपल्या भागातल्या मालाची एक तपासणी जादा करा: पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या पुरात सांगली आणि आसपासच्या भागात दुकानं, कार्यालयं पाण्याखाली गेली. भिजलेला माल धुऊन-पुसून फिरत राहतो, म्हणून भंगारातून घेतलेलं कार्ड टॉर्च तिरपी धरून बघा. एसएफपीच्या पत्र्याच्या पिंजऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात, हीटसिंकच्या पात्यांच्या मुळाशी आणि चिपच्या पायांच्या मधे गाळाची तपकिरी रेघ राहते, कारण तिथे फडकं पोचत नाही. सोल्डरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, पट्टीच्या घडीत गंज, लेबलचा कागद फुगून सुकलेला. यांतलं एकही दिसलं तर कार्ड मशीनमध्ये घालूच नका. आज चालेल आणि पावसाळ्यात दमट हवा आली की बंद पडेल.

खालच्या सोनेरी पट्ट्या बघा. ओरखडे चालतात, पट्टी उचकटलेली किंवा जळकी काळी नको. नुसत्या मळकट असतील तर खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, मग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सोन्याचा थर अगदी पातळ असतो, घासत बसू नका. हीटसिंक हलत असेल तर त्याच्या प्लॅस्टिकच्या स्प्रिंग पिना मोडल्या आहेत का ते पाहा.

नकली माल मुख्यतः इंटेलच्या नावाने येतो, त्यात आय३५० आणि एक्स५४० पुढे. लेबलची छपाई पुसट, चिपवरची अक्षरं वेगळ्याच जाडीची, दोन कार्डांवर एकच सीरियल किंवा मॅक ॲड्रेस, अशी लक्षणं शोधा. इंटेलचं नाव नसलेली, पण ८२५९९ चिप बसवलेली चिनी कार्डंही मिळतात. ती तशीच, त्याच नावाने विकली जात असतील तर घ्यायला हरकत नाही. वाईट आहे ते खोटं लेबल.

## ७. बसवणं आणि हवा

मशीन बंद करून वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग कार्ड हाताळा.

पट्टी चुकीची आली तर ती काढून तसंच कार्ड टांगून ठेवू नका. केबलच्या ओढीने कार्ड स्लॉटमध्ये तिरकं होतं आणि स्लॉटच खराब होतो. पट्टी बहुधा दोन स्क्रूंवर असते, पण भोकांची जागा मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे त्याच मॉडेलची मागवा. मिळालीच नाही तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जुनी पट्टी नमुना म्हणून घेऊन जा. जवळपास एक मिलिमीटरच्या पत्र्यात तो तशी कापून देऊ शकेल.

आता हवा. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. टॉवर कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या खाली त्यांना वारा लागतच नाही, आणि उन्हाळ्यात सांगलीत खोलीच तापलेली असते. चिप फार तापली की लिंक मधेच तुटते आणि पुन्हा येते. हे दुपारी होतं आणि रात्री होत नाही, हीच त्याची खूण. उपाय सोपा आहे. ८० किंवा ९२ मिलिमीटरचा पंखा झिप टायने असा बांधा की वारा थेट हीटसिंकवर पडेल. तो कमी वेगावर, बिनआवाजाचा चालला तरी पुरतो. जागा नसेल तर ४० मिलिमीटरचा पंखा हीटसिंकवरच बसवा. एक्स५४० ला पंखा नसेल तर ते चालू करू नका.

डेल किंवा एचपीच्या जुन्या रॅक सर्व्हरमध्ये परकं कार्ड घातलं की पंखे पूर्ण वेगाने ओरडू शकतात, कारण सर्व्हरला त्या कार्डाचं तापमान कळत नाही. डेलमध्ये आयड्रॅकमधून (सर्व्हर दुरून हाताळायची व्यवस्था) परक्या कार्डासाठीची ही सवय बंद करता येते. एचपीसाठी एचपीच्याच नावाचं कार्ड घेणं हा सरळ मार्ग.

## ८. पहिल्यांदा चालू करताना

प्रॉक्समॉक्सवाल्यांनी आधी हे वाचा. नवं कार्ड घातल्यावर बोर्ड सगळ्या उपकरणांचे क्रमांक पुन्हा लावतो, आणि मदरबोर्डच्या जुन्या लॅन पोर्टचं नाव बदलू शकतं. सर्व्हर चालू होतो, पण नेटवर्कवर दिसत नाही. कार्डाने मशीन मारलं असं वाटतं, प्रत्यक्षात नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये ब्रिजखाली (व्हर्च्युअल मशीनना जोडणाऱ्या आभासी स्विचखाली) जुनंच नाव राहिलेलं असतं. मॉनिटर-कीबोर्ड जोडा, नवं नाव बघा, फाइलमध्ये बदला. कायमचा उपाय म्हणजे कार्ड घालण्याआधीच सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये मॅक ॲड्रेसवरून जुन्या पोर्टचं नाव पक्कं करून ठेवणं.

मग तपासणीचा क्रम असा. आज्ञा टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत:

एलएसपीसीआय -एनएन चालवा. कार्ड यादीत दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा, बोर्डाचं बायोस नवं करा.

एलएसपीसीआय -व्हीव्ही रूट म्हणून चालवा आणि लिंक स्टेटसची ओळ वाचा. तिथे वेग आणि लेनची रुंदी लिहिलेली असते. दुसऱ्या पायरीत केलेला हिशेब इथे पडताळायचा. एक्स८ हवं तिथे एक्स१ दिसलं तर कार्ड काढून सोनेरी पट्ट्या पुसून पुन्हा घट्ट बसवा.

इथटूल -एम आणि पुढे इंटरफेसचं नाव दिलं की मॉड्यूलची कंपनी, प्रकार आणि बऱ्याच फायबर मॉड्यूलमध्ये तापमान व प्रकाशाची पातळी कळते. इथे काहीच येत नसेल तर मॉड्यूल पूर्ण आत सरकलेलं नाही, किंवा ड्रायव्हरने ते नाकारलंय. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मेलानॉक्स असेल तर एमएसटीफ्लिंटने फर्मवेअर आणि पीएसआयडी (कार्ड कोणासाठी बनवलं ते सांगणारा ओळख-क्रमांक) वाचून घ्या. पीएसआयडी एमटी ने सुरू होत असेल तर मूळ मेलानॉक्सचं, एचपी किंवा आयबीएम ने सुरू होत असेल तर त्या कंपनीसाठी बनवलेलं. कनेक्टएक्स-३ चं शेवटचं फर्मवेअर २.४२.५००० आहे. कार्ड नीट चालत असेल तर दुसऱ्या कंपनीचं फर्मवेअर चढवायच्या फंदात पडू नका, आणि चढवायचंच असेल तर आधीच्या फर्मवेअरची प्रत काढून ठेवा आणि मशीन यूपीएसवर घ्या. मधे वीज गेली तर कार्ड गेलं.

## ९. मोजा, आणि वॉरंटीच्या आत मोजा

आयपर्फ-३ हे जाळ्याचा वेग मोजायचं साधन एका मशीनवर सर्व्हर म्हणून चालवा, दुसऱ्यावरून जोडा. साध्या १५०० एमटीयूवर (एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट) ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. ४ च्या आत अडकलं तर लेन तपासा. ६-७ वर अडकलं आणि एक कोअर शंभर टक्के भरला असेल तर प्रोसेसर कमी पडतोय, कार्ड नाही. चार प्रवाह एकदम सोडून बघा. आयपर्फ ३.१६ पासून प्रत्येक प्रवाह वेगळ्या थ्रेडवर चालतो, म्हणून आवृत्ती नवी घ्या. उलट दिशेनेही मोजा, एकाच दिशेला हळू असेल तर मॉड्यूल किंवा पॅचकॉर्डचं टोक घाण असण्याची शक्यता मोठी. जंबो फ्रेम, म्हणजे मोठी पाकिटं लावायची असतील तर दोन्ही कार्डं आणि मधला स्विच तिन्हीकडे एमटीयू ९००० करा. एक जरी जागा राहिली तर पिंग चालतं आणि मोठी फाइल अडते.

त्यानंतर चाचणी किमान रात्रभर, आणि एकदा भर दुपारी चालू ठेवा. संपल्यावर इथटूल -एस ने (इथे मात्र एस कॅपिटल) सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांचा आकडा बघा. तो शून्य असायला हवा. वाढत असेल तर आधी केबल बदला, मग मॉड्यूल, मग पोर्ट, एका वेळी एकच गोष्ट.

दुसरा पोर्ट आज लागणार नसला तरी डॅक त्यात घालून हीच चाचणी पुन्हा करा. विक्रेत्यानेही कदाचित एकाच पोर्टवर तपासलेलं असतं, आणि दुसरा मेलेला आहे हे सहा महिन्यांनी कळून उपयोग नाही. आकड्यांचे फोटो सीरियल क्रमांकासह विक्रेत्याच्या त्याच चॅटमध्ये टाकून ठेवा. काही चुकलं असेल तर कार्ड त्याच अँटिस्टॅटिक पिशवीत, त्याच खोक्यात, कुरिअरच्या पावतीवर किंमत जाहीर करून, वॉरंटी संपायच्या दोन दिवस आधी निघेल असं पाठवा.